आत सरकणारा पलंग

घरात भांडणं होतात ती जागेवरून, आणि जागेवरचा उतारा म्हणजे मोजपट्टी, असं मालिनचं ठाम मत होतं. बाई तशी हुशार. पण हुशार माणसं चुकतात तेव्हा फार व्यवस्थित चुकतात, आणि म्हणून चूक झालीय हे कुणाच्या लवकर ध्यानातही येत नाही.

ऑक्टोबरातल्या त्या शनिवारी ती सकाळपासून धाकट्या खोलीत गुडघ्यांवर रांगत होती आणि तिचा नवरा निक्लास चिकटपट्टी घेऊन तिच्या मागे. जमिनीवर पट्टीने पलंगाचा आकार आखायचा, त्यात आडवं पडून बघायचं, नाही पटलं की पट्टी उपटायची. तोवर त्यांचा फोल्के, चार वर्षांचा व्हायला आलेला, उपटलेल्या पट्ट्या स्वतःच्या पोटाला चिकटवून घेत होता.

खोली कसली, खोलीची धाकटी जाऊच ती. नॉरशेपिंग शहरातल्या जुन्या इमारतीचा अगदी वरचा मजला, त्यामुळे अर्ध्या खोलीवर छप्पर उतरत आलेलं. एक खिडकी, खिडकीखाली हीटर, आणि दार उघडायचं ते आतल्या बाजूला. आजवर ही खोली टूवाची होती. टूवा ही निक्लासची पहिल्या लग्नाची मुलगी, वय वर्षं नऊ. एक आठवडा ती इथे असायची आणि एक आठवडा नदीपलीकडे आपल्या आईकडे, हेलेनाकडे. शुक्रवारी शाळा सुटली की घर बदलायचं. यात कुणाला काही विशेष वाटायचं नाही. तिच्या वर्गातली निम्मी मुलं शुक्रवारी पाठीवर मोठी पिशवी घेऊनच शाळेत यायची.

आता मात्र फोल्के आईबापांच्या खोलीतल्या कठडेवाल्या खाटेतून रोज पहाटे कैद्यासारखा पळून जाऊ लागला होता, आणि एकदा तर डोक्यावर आपटला. त्याची रवानगी टूवाच्या खोलीत करायची, हे ठरलं. प्रश्न होता पलंगांचा.

एकावर एक असा दुमजली पलंग घ्यावा, तर उतरतं छप्पर आडवं. वर झोपणारं पोर उठून बसलं की कपाळमोक्षच. दोन पलंग शेजारी ठेवावेत, तर दार उघडेना. निक्लास आखलेल्या चौकटीत पाय दुमडून पडला आणि म्हणाला, "असं झोपलं तर मावतं बघ."

"तू नाही झोपायचंयस तिथे," मालिन म्हणाली. "अंथरूण पाहून पाय पसरावेत हे कबूल, पण पोरांचे पाय वाढतात रे बाबा."

निक्लासची आई गुनब्रिट स्वयंपाकघरात कॉफी पीत बसली होती. तिथूनच तिने पिन टोचली. "माळ्यावर तुमच्या जाळीच्या कोठडीत एक पलंग पडलाय. निक्लासच्या आजोबांचा. पोर वाढेल तसा पायाकडून ओढून वाढवायचा. पण आम्हा जुन्या माणसांचं कोण ऐकतंय!"

"ती पेटी आहे हो, पलंग नाही," मालिन म्हणाली. "त्यावर नाताळचं सामान ठेवलंय."

"त्याच पेटीत तुझा नवरा लहानाचा मोठा झाला."

"म्हणून तर पाय दुमडून झोपतो अजून," मालिन म्हणाली, आणि सासूलाही हसू आवरलं नाही.

मग दुपारी दुकानात मालिनला तो पलंग दिसला. वरून साधा, पांढरा, एकाचा. पण खाली हात घालून ओढला की चाकांवर दुसरा पलंग बाहेर येतो, गादीसकट. वर फोल्के, तो तर रोजच घरी. खालचा टूवाचा, तिच्या आठवड्यात ओढायचा, एरवी आत. दार उघडतं, छप्पर लागत नाही, खेळायला जमीनही उरते. मालिनने दुकानातच तो चार वेळा आत-बाहेर करून पाहिला.

आता या देशात पोराला विचारल्याशिवाय त्याचे मोजेसुद्धा घेत नाहीत, तेव्हा टूवाला रीतसर विचारलं गेलं. शुक्रवारी ती आली तेव्हा निक्लासने तिला समोर बसवलं, पलंगाचं चित्र दाखवलं, तुझं मत काय, अगदी मोकळेपणाने सांग, वगैरे वगैरे. टूवाने चित्र पाहिलं. मग पप्पांचा चेहरा पाहिला, मग मालिनचा.

"चालेल की," ती म्हणाली.

झालं! सगळ्यांना विचारलं, सगळ्यांचं एकमत झालं. टूवाचा जुना पलंग खाली मोठ्या कचऱ्याच्या खोलीत ठेवला, तो संध्याकाळच्या आत शेजाऱ्यांपैकी कुणीतरी उचललाही. नवा जोडून झाल्यावर मालिनने खालचा पलंग पायाने आत ढकलला. तो खट्टकन बसला. तिने कमरेवर हात ठेवले आणि सगळ्यांसमोर अगदी खुशीत म्हणाली, "बघा! आत गेला की इथे आणखी कुणी झोपतं असं वाटतच नाही! काय छान मोकळं झालं ना?"

टूवा दारात उभी होती. "हो, छान झालं," ती म्हणाली.

त्यानंतरची टूवा म्हणजे आदर्श मूल. रोज सकाळी कुणी न सांगता उठायची, चादर ओढून नीट करायची आणि पलंग आत ढकलायची. शुक्रवारी जाताना दुलई गुंडाळून कपाटाच्या वरच्या फळीवर. पुढे पुढे तिने उशी हेलेनाकडून आणायला आणि परत न्यायला सुरुवात केली. मग घरात घालायच्या सपाता. मग हिरवा वाचायचा दिवा, तो तर मालिननेच तिच्या वाढदिवसाला दिलेला. "तिकडे वाचायला लागतो," टूवा म्हणाली. मालिनला वाटलं, किती टापटिपीची पोर आहे! आपला फोल्के असा कधी होणार?

फोल्केचं काय विचारता! त्याची चड्डी एकीकडे, डब्याचं झाकण दुसरीकडे. त्याच्या मते बहीण खणात झोपायची, आणि हे तो पाळणाघरात सगळ्यांना मोठ्या अभिमानाने सांगायचा. "तुमची बहीण खणात मावते का? माझी मावते."

नोव्हेंबरात एका रविवारी गुनब्रिटने केक आणला. खाऊन खाऊन ताटलीत एकच तुकडा उरला. आता ताटलीतला शेवटचा तुकडा उचलायचा नाही हा इथला अलिखित कायदा. कुणी पाहुणा फारच लोभावला तर सुरीने अर्धा कापून घेतो, उरलेल्या अर्ध्याचा पुढचा पाहुणा पाव करतो, आणि शेवटी ताटलीत चिमणीच्या चोचीएवढा कण राहतो, तोही कुणी घेत नाही. पण हा कायदा पाहुण्यांना. घरची पोरं कसली ऐकतात! फोल्केने हात घातलाच होता, तो मालिनने धरला. "टूवाला दे. तिने एकच खाल्लाय."

टूवाने सुरी घेतली. तुकडा अर्धा केला. अर्ध्याचा परत अर्धा केला, तो बशीत घेतला आणि "थँक यू, फार छान झालाय" असं आजीला म्हणाली.

"किती वळण आहे हो पोरीला!" गुनब्रिट म्हणाली.

मालिनही हसली, पण ते हसू तिच्या तोंडावर पुरतं पसरलं नाही. पूर्वी ही पोर शेवटच्या तुकड्यासाठी बापाच्या हातावर चापट मारायची. कधी बदललं हे? तिने स्वतःला समजावलं, मोठी होतेय, शहाणी होतेय. शहाण्या माणसाला स्वतःची समजूत पटकन घालता येते, तो एक त्रासच.

जानेवारीत एका संध्याकाळी निक्लास भांडी पुसता पुसता म्हणाला, "टूवा विचारत होती, पुढच्या वेळी मम्माकडेच राहू का म्हणून. आपला आठवडा सोडून. तिचं ते जिमनॅस्टिक्स तिकडून जवळ पडतं."

"मग तू काय म्हणालास?"

"म्हटलं, तुझी इच्छा. जबरदस्ती थोडीच करायची?"

मालिनने नळ बंद केला. तिच्या कचेरीतल्या एका बाईचा सावत्र मुलगा असाच आधी एक आठवडा राहिला तिकडे, मग एक महिना. आता नाताळला येतो, कोट न काढता कॉफी घेतो आणि जातो. कुणी भांडलं नव्हतं, दार आपटलं नव्हतं. सगळ्यांनी त्याच्या इच्छेचा मान राखला होता.

निक्लास टूवाचा बाप तरी होता. कायद्याने, रक्ताने, सगळ्याने. मालिन कोण होती? टूवा चार वर्षांची असल्यापासून तिने तिच्या वेण्या घातल्या होत्या, तापात कपाळावर हात ठेवला होता, पहिला पडलेला दात शोधायला कचऱ्याची पिशवी उपसली होती. पण कागदावर ती कुणीच नव्हती. टूवा यायची थांबली तर तिला फोन करून "ये गं" म्हणायचासुद्धा हक्क आपल्याला आहे की नाही, हे तिला ठाऊक नव्हतं. आणि पोर तर तिला हवी होती. पोटच्या पोराइतकी हवी होती, उगाच शब्द कशाला चोरा.

त्या आठवड्याच्या मंगळवारी तळघरातल्या, सगळ्या इमारतीच्या सामाईक धुण्याच्या खोलीची पाळी त्यांची होती. फळ्यावर आपलं कुलूप अडकवून वेळ धरलेली असायची आणि ती संपायच्या आत सगळं उरकायचं, नाहीतर शेजारचे लोक तोंडाने एक शब्द बोलत नाहीत, पण मशीनवर चिठ्ठी अशी लावतात की जिवाला लागावी. टूवा मदतीला आली. दोघींनी दोन टोकं धरून चादरी ताणल्या, झटकल्या, जवळ येऊन घडी घातली, परत लांब गेल्या. या कामात दोघींची लय जुनी होती.

निळ्या ठिपक्यांची चादर आली तशी टूवा म्हणाली, "ही वेगळी ठेव. माझ्या पिशवीत जाईल."

"पिशवीत कशाला? वर कपाटात ठेवू की."

"नको. मी नसते तेव्हा पलंगच नसतो ना. मग चादर ठेवून काय करायचंय?"

तक्रारीचा सूर नव्हता. फोल्केला बुटाचे बंद शिकवताना ती जशी बोलायची तशीच बोलत होती. मालिन हसायला गेली. "अगं वेडे, असतो की पलंग! फक्त आत असतो."

"हो, पण तूच म्हणालीस ना, आत गेला की इथे आणखी कुणी झोपतं असं वाटतच नाही." टूवाने चादरीची कोपऱ्यावर कोपरा अशी घडी घातली. "तुला ते आवडलं होतं. म्हणून मी रोज नीट आत ढकलते. खट्ट वाजेपर्यंत."

तिच्या हातातलं चादरीचं टोक सुटलं. कपडे वाळवायचं गरम हवेचं कपाट मागे घरघरत होतं. आपणच म्हणालो होतो ते, कमरेवर हात ठेवून, सगळ्यांसमोर, हे तिला लख्ख आठवलं.

"टूवा," ती म्हणाली, "मम्माकडे जास्त राहायचं म्हणतेस, ते जिमनॅस्टिक्समुळे?"

"थोडं जिमनॅस्टिक्समुळे." टूवा चादरीकडे बघत राहिली. "आणि मी वाचत बसले की फोल्के झोपत नाही. पलंग बाहेर असला की त्याची रेल्वे मांडता येत नाही. मी नसले की सगळ्यांना बरं पडतं."

"कुणाला बरं पडतं?"

"सगळ्यांना."

"मला नाही पडत!" मालिन एवढ्या जोरात म्हणाली की टूवा दचकली. "मला अजिबात बरं पडत नाही. तू गेलीस की शनिवारी सकाळी मी चार ताटल्या मांडते आणि मग एक परत ठेवते. दर वेळी. पाच वर्षं झाली, अजून मला सवय होत नाही, आणि व्हायलाही नकोय. पलंग चुकला, टूवा. मी चुकले. मी जमीन मोजत बसले मूर्खासारखी."

टूवाचे कान लाल झाले. "नाही गं, चालेल की मला तो—"

"चालेल नको!" मालिन ठिपक्यांची चादर छातीशी धरून कपाटाशेजारच्या बाकावर बसली. "आजपासून चालेल बंद. तुला सगळंच चालतं. हा कसला पलंग, सांग मला. खरं सांग."

टूवाने दाराकडे एकदा बघून घेतलं. मग खालच्या आवाजात म्हणाली, "खणासारखा आहे. फोल्के म्हणतो ते बरोबर आहे." आणि जरा थांबून, "मला खाली त्याच्या पायांचा वास येतो."

मालिनला एकदम हसूही फुटलं आणि डोळ्यांतून पाणीही आलं, आणि ते टूवाला दिसू नये म्हणून तिने चादरीत तोंड खुपसलं. टूवाने जरा वाट पाहिली. मग तिच्या शेजारी बसली, अगदी चिकटून नाही, पण बाही बाहीला लागेल अशी. त्या गडबडीत त्यांची वेळ संपली, आणि पुढच्या पाळीच्या शेजारणीने दारात येऊन घड्याळाकडे बघत खोकून दाखवलं.

"खोका हो खोका," मालिन म्हणाली. असं शेजारणीला म्हणण्याची या इमारतीत ही पहिलीच वेळ असावी. टूवाने तोंडावर हात दाबून धरला.

कपडे वर नेऊन टाकले आणि दोघी तशाच माळ्यावर गेल्या. जाळीच्या कोठडीत नाताळचे खोके, घसरगाडी, निक्लासचं कधीच न वाजणारं अकॉर्डियन, आणि या सगळ्याखाली ती पेटी. खोके उतरवले, धूळ झटकली. राखाडी रंगाचं जुनं लाकूड, बाजूंना कठडे, आणि पायाकडे लाकडी मूठ. टूवाने मूठ ओढली. पलंग कुरकुरला आणि वीतभर वाढला. परत ढकलला तर आखूड झाला.

"हा तर फोल्केच्या मापाचा आहे," टूवा म्हणाली.

"आत्ता आहे. तो वाढेल तसा ओढायचा." मालिन मोजपट्टी खाली विसरून आली होती. तिने टूवालाच त्यात झोपवलं, अंदाजे टाचेपाशी हात धरला, मग गुडघ्यापाशी. दोन पूर्ण पलंग मावत नव्हते, कारण ती दोन मोठी माणसं आखत बसली होती. एक मोठा आणि एक आखूड मावत होता. चार वर्षांच्या पोराला कशाला हवाय सहा फुटी पलंग!

दुसऱ्याच दिवशी गुनब्रिटला फोन गेला. पलीकडून लगेच, "काय म्हणालीस? कुठला पलंग? मला नीट ऐकू आलं नाही, पुन्हा सांग."

"ऐकू आलंय तुम्हाला चांगलं."

"आलंय. पण पुन्हा ऐकायला गोड वाटेल."

ती केक घेऊन हजर झाली आणि खुर्ची टाकून दारात बसली, निक्लासने जुन्या पलंगाचे सांधे घासावेत आणि तिने सूचना कराव्यात म्हणून. उतरत्या छपराखाली आजोबांचा पलंग चपखल बसला. फोल्केने त्यात उडी मारली आणि हे जहाज आहे असं जाहीर केलं. पांढऱ्या पलंगाच्या पोटातली गादी काढून टाकली आणि त्या रिकाम्या खणात रेल्वे, ठोकळे, सगळं भरलं. राहिलं दार. ते काही केल्या उघडेना. निक्लासने दाराकडे पाहिलं, पलंगाकडे पाहिलं, आणि मुकाट्याने बिजागऱ्यांतून दारच उचलून काढलं.

"दार कुठे ठेवू?"

"माळ्यावर, पलंगाच्या जागी," मालिन म्हणाली. "तुझ्या नातवंडांना होईल."

मग तिने टूवाला खोलीच्या मधोमध उभं केलं. "पांढरा पलंग तुझा. कायम इथेच, तू असलीस तरी आणि नसलीस तरी. कुठल्या भिंतीला ठेवायचा ते तू सांग."

"कुठेही चाल—" टूवाने जीभ चावली. तिने दाराच्या बाजूच्या भिंतीकडे पाहिलं, मग खिडकीकडे. खिडकीतून खालचं अंगण दिसायचं, सायकली, आणि कोपऱ्यातलं बर्फ साचलेलं झाड. "खिडकीजवळ," ती म्हणाली.

"मला खिडकी!" जहाजातून आरोळी आली. "जहाजाला खिडकी लागते! मला हवी!"

टूवाने बापाकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर तो नेहमीचा, देऊन टाकायचा भाव हळूहळू यायला लागला होता. निक्लास बिचारा न्यायी माणूस. त्याने लगेच तोडगा काढला. "हे बघा, असं करू. एक आठवडा टूवा खिडकीजवळ, एक आठवडा फोल्के. आळीपाळीने."

"आळीपाळी नाही!" मालिन म्हणाली. "निक्लास, या पोरीच्या आयुष्यात एक तरी गोष्ट आळीपाळीने नसू दे."

निक्लास टूवाकडे बघत राहिला, आणि मालिनने त्याला जे सांगायचं ठरवलं होतं ते न सांगताच त्याला कळलं असावं. तो उठला आणि पांढरा पलंग दोन्ही हातांनी ओढत खिडकीशी नेऊन लावला.

फोल्केने आकाशपाताळ एक केलं. केकचा तुकडा दाखवला तेव्हा कुठे हुंदके थांबले. मग सगळे स्वयंपाकघरात बसले, आणि यथावकाश ताटलीत एकच तुकडा उरला. गुनब्रिट नाहीच म्हणाली, निक्लासने पोटावर हात ठेवला. टूवाने सुरी हातात घेतली, केकवर धरली. मग ती बाजूला ठेवली आणि आख्खा तुकडा उचलून तोंडात कोंबला.

"अगं अगं!" गुनब्रिट म्हणाली. "वळण कुठे गेलं?"

"माळ्यावर ठेवलंय, दाराशेजारी," मालिन म्हणाली आणि भांडी उचलायच्या निमित्ताने पाठ फिरवली.

त्या शुक्रवारी टूवा हेलेनाकडे गेली. जिमनॅस्टिक्सबद्दल ती काही बोलली नव्हती, आणि मालिननेही विचारलं नव्हतं. विचारायचा धीर झाला नाही, हे खरं. संध्याकाळी ती धाकट्या खोलीत गेली तर खिडकीजवळ दुलई अर्धी खाली लोंबत होती. उशी चुरगळलेली. सपाता खोलीच्या मधोमध, एक उलटी. हिरवा दिवा चालूच. मालिनने फक्त दिवा विझवला. बाकी कशाला हात लावला नाही.

मंगळवारी जेवणानंतर फोल्केने आपलं कापडी अस्वल आणि पांघरूण ओढत खिडकीपाशी नेलं. "टूवा नाहीये. मी आज इथे झोपणार."

"तिचा पलंग आहे तो, राजा."

"पण ती नाहीये!"

"नसली म्हणून काय झालं? तिचाच आहे. हवं तर तिला विचार."

फोन लावला आणि मोठ्या आवाजावर ठेवला. पलीकडे भांड्यांचा आवाज, मग टूवा. "हॅलो?"

"टूवा, मी तुझ्या पलंगात झोपू? फक्त आज. अस्वलालाही हवंय."

मालिन दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, आणि तिला ते "चालेल की" आधीच ऐकू यायला लागलं होतं. तिने डोळे मिटून घेतले.

"नाही," टूवा म्हणाली.

"का?"

"कारण तो माझा पलंग आहे. आणि उशीखाली माझं पुस्तक उलटं ठेवलंय, ते हलवायचं नाही. शुक्रवारी येऊन मी पुढे वाचणार आहे. अस्वलालाही सांग, नाही म्हणजे नाही!"

फोल्केने भोकाड पसरलं. ते ऐकून निक्लास हात पुसत धावत आला, तर मुलगा जहाजाच्या कठड्याला धरून रडतोय आणि बायको चौकटीशी खाली बसून गालावरचं पाणी पुसत हसतेय.

"काय झालं? टूवा काय म्हणाली?"

"नाही म्हणाली," मालिन म्हणाली. "अरे, ती चक्क नाही म्हणाली."